तेलाचा इम्पीडन्स मोजताना: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

मल्टिमीटरची दोन्ही टोकं तेलात बुडवली की पडद्यावर सर्किट उघडं असल्याची खूण येते. पण तेलातून विद्युतप्रवाह जातच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. तो जातो, फक्त साध्या मीटरला दिसावा इतका नसतो. त्या किरकोळ प्रवाहावरून तेलाबद्दल बरंच काही कळतं: ते किती जुनं झालंय, ओल कितपत शिरली आहे, कोणती पूरक द्रव्यं घातली आहेत, कुठल्या भांड्यातली घाण त्यात उतरली आहे. ट्रान्सफॉर्मरचं तेल, इंजिन ऑइल, तळणीचं तेल, विमानाचं इंधन या सगळ्यांच्या तपासणीत विद्युत मोजमापाला जागा आहे ती यामुळेच.

इम्पीडन्स म्हणजे प्रत्यावर्ती (दिशा बदलत राहणाऱ्या) प्रवाहाला होणारा एकूण अडथळा. तो मोजायचा म्हणजे द्रवावर प्रत्यावर्ती व्होल्टेज लावायचं, प्रवाह किती आला आणि तो व्होल्टेजच्या किती पुढे धावतोय (याला फेज म्हणतात) हे पाहायचं, आणि हेच वेगवेगळ्या वारंवारतांवर पुन्हा करायचं. मिठाच्या पाण्यासाठी हे काम सोपं आहे. तेलात अडचण अशी की तेलापेक्षा आजूबाजूच्या गोष्टीच जास्त वाहक असतात. केबल, आधाराचा प्लास्टिकचा तुकडा, काचेवरचा दमटपणा, बोटाचा ठसा, सगळ्यांचं मोजमाप होतं आणि तेलाचंच राहून जातं. म्हणून या लेखाचा बराच भाग तेलाविषयी नसून तेलाखेरीजच्या गोष्टी आकड्यातून बाहेर कशा काढायच्या याविषयी आहे.

पायरी १: आधी कागदावर गणित

उपकरणाला हात लावण्याआधी एक आकडा काढा: द्रवाचा कालस्थिरांक, म्हणजे त्यात साठलेला भार ओसरायला साधारण किती वेळ लागतो ते. दोन पट्ट्यांमधला द्रव म्हणजे समांतर जोडलेले एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर. कपॅसिटरचं मूल्य (धारिता) द्रवाच्या परमिटिव्हिटीवरून, म्हणजे विद्युतक्षेत्रात भार साठवायच्या क्षमतेवरून ठरतं, रेझिस्टरचं वाहकतेवरून, म्हणजे प्रवाह किती सहज जातो त्यावरून. दोघांचा गुणाकार केला की पट्ट्यांचं क्षेत्रफळ आणि त्यांच्यातलं अंतर आपोआप गळून पडतं. उरतं ते एवढंच:

कालस्थिरांक = (निर्वाताची परमिटिव्हिटी × द्रवाची सापेक्ष परमिटिव्हिटी) ÷ वाहकता

निर्वाताची परमिटिव्हिटी ८.८५४ पिकोफॅरड प्रति मीटर आहे. खनिज तेलाची सापेक्ष परमिटिव्हिटी २.२ च्या आसपास असते, बहुतेक वनस्पती तेलांची ३ च्या जरा वर, एरंडेलाची साडेचारच्या पुढे. पाण्याची मात्र २५ अंश सेल्सिअसला ७८ आहे. थोडक्यात, तेलातेलांमध्ये परमिटिव्हिटीचा फरक दुपटीच्या आसपासच राहतो. वाहकतेचं तसं नाही. ट्रान्सफॉर्मरच्या स्वच्छ, नव्या तेलाची वाहकता खोलीच्या तापमानाला १ पिकोसीमेन्स प्रति मीटर किंवा त्याहून कमी असते. पिको म्हणजे लाख कोटीवा भाग. डिटर्जंट आणि डिस्पर्संट (मळ धुणारी आणि काजळी विखुरती ठेवणारी पूरक द्रव्यं) घातलेल्या इंजिन ऑइलची वाहकता याच्या हजारपट किंवा त्याहूनही जास्त भरू शकते. आणि अगदी शुद्ध पाण्याची, ज्यात विरघळलेलं काहीही नाही अशा पाण्याची, ५५ लाख पिकोसीमेन्स प्रति मीटर.

आता आकडे घाला. परमिटिव्हिटी २.२ आणि वाहकता १ पिकोसीमेन्स प्रति मीटर असेल तर कालस्थिरांक येतो सुमारे १९.५ सेकंद. त्याला २ पायने गुणून उलटं केलं की मिळते वळणाची वारंवारता: ०.००८ हर्ट्झ. या वारंवारतेच्या वर तेल कपॅसिटरसारखं वागतं आणि खाली रेझिस्टरसारखं. वाहकता हजारपट झाली तर हीच वारंवारता ८ हर्ट्झवर येते.

तुमच्याकडचं उपकरण पुरेल का, हे या एका आकड्यावरून लगेच कळतं. टॅन डेल्टा म्हणजे रोधातून जाणारा प्रवाह भागिले धारितेतून जाणारा प्रवाह. निव्वळ वहनामुळे होणारा टॅन डेल्टा म्हणजे वळणाची वारंवारता भागिले मोजणीची वारंवारता. हातात धरायच्या एलसीआर मीटरची (तो रोध, धारिता वगैरे मोजतो) सर्वांत कमी वारंवारता बहुधा १०० हर्ट्झ असते. इंजिन ऑइल असेल तर १०० हर्ट्झला टॅन डेल्टा ०.०८ येईल. तो साध्या मीटरलाही दिसेल. ट्रान्सफॉर्मरच्या स्वच्छ तेलाचा येईल ०.००००८. तो अशा मीटरच्या स्वतःच्या चुकीत पार बुडून जातो. अशा तेलासाठी हर्ट्झच्या शंभराव्या भागापर्यंत उतरणारं उपकरण हवं, नाहीतर तेल तापवायला हवं. वीज क्षेत्रात दुसरा मार्ग रुळला आहे. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग) ६०२९६ या मानकात नव्या खनिज तेलाच्या टॅन डेल्टाची मर्यादा ०.००५ आहे आणि ती ९० अंश सेल्सिअस तापमानासाठी दिली आहे. ५० हर्ट्झला हिशोब केला तर ती वाहकतेच्या भाषेत सुमारे ३० पिकोसीमेन्स प्रति मीटर होते.

याच कालस्थिरांकाला सुरक्षिततेतही महत्त्व आहे. नळीतून वाहताना इंधनावर विद्युतभार साठतो आणि तो किती वेळात ओसरेल ते कालस्थिरांकच ठरवतो. म्हणून विमानाच्या इंधनात स्थिर विजेविरुद्धचं द्रव्य घालतात आणि वाहकता ५० ते ६०० पिकोसीमेन्स प्रति मीटर या पट्ट्यात ठेवतात. ५० ला भार अर्ध्या सेकंदाच्या आत ओसरू लागतो. १ ला वीसेक सेकंद लागतात.

पायरी २: सेल

सुरुवात करताना महागडा सेल, म्हणजे तेल भरून मोजायचं भांडं, विकत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टेनलेस स्टीलच्या दोन चकत्या, त्यांच्यामध्ये ठरावीक अंतर आणि भोवती एक गार्ड रिंग एवढ्यावर उत्तम काम होतं. शिवाय स्वतः जुळवलेल्या सेलची प्रत्येक खोड तुम्हाला माहीत असते.

५ सेंटिमीटर व्यासाची चकती आणि १ मिलिमीटर अंतर धरलं तर रिकाम्या सेलची धारिता येते १७.४ पिकोफॅरड. अंतर आणखी कमी केलं तर धारिता वाढते, मोजणं सोपं होतं, पण बुडबुडा किंवा धुळीचा कण अडकायची भीतीही वाढते, आणि अंतर सगळीकडे सारखं ठेवणं कठीण जातं. अर्ध्या ते एक मिलिमीटरमध्ये राहा. तेल थोडंच असेल तर एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांचा सेल सोयीचा: १० आणि ११ मिलिमीटर त्रिज्या, ५ सेंटिमीटर उंची, आणि धारिता सुमारे २९ पिकोफॅरड. नळ्या उघडून पुसणं मात्र चकत्यांपेक्षा जिकिरीचं.

गार्ड रिंग म्हणजे मोजणीच्या चकतीभोवती, तिच्याच पातळीवर, बारीक फट सोडून बसवलेली धातूची कडी. ती जमिनीच्या विभवावर ठेवायची. मोजणीची चकतीही जवळपास त्याच विभवावर असते, त्यामुळे दोघींमध्ये व्होल्टेजच उरत नाही आणि आधारावरून सरकणारा गळतीचा प्रवाह मीटरऐवजी गार्डकडे जातो. कडेला वाकणाऱ्या विद्युतक्षेत्राचीही यामुळे सोय लागते. गार्ड रिंग नसेल तर ५ सेंटिमीटरच्या चकतीत फक्त कडेमुळे धारिता सात-आठ टक्क्यांनी जास्त भरते.

आधारासाठी टेफ्लॉन घ्या. नायलॉन ओल धरतं. काच चालते, पण दमट हवेत तिच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि तो वाहक असतो. रबरी ओ-रिंग शक्य तितकी टाळाच: रबरातलं मऊपणा आणणारं द्रव्य हळूहळू तेलात उतरतं आणि वाहकता तासातासाने वाढताना दिसते. नवखा माणूस अशा वेळी तेलातच काही घडतंय असं समजून बसतो.

हे सगळं इतकं काटेकोर का, ते एका आकड्यावरून समजेल. वर सांगितलेल्या सेलमध्ये १ पिकोसीमेन्स प्रति मीटर वाहकतेचं तेल भरलं तर त्याचा रोध होतो ५०० गिगाओहम. टेफ्लॉनवर राहिलेल्या एखाद्या ठशाने १०० गिगाओहमची वाट करून दिली, तर तेलाच्या पाचपट प्रवाह त्या ठशातून जाईल.

पायरी ३: केबल, डबा आणि प्रवर्धक

साध्या कोॲक्सियल केबलची धारिता मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असते. सेल आहे १७ पिकोफॅरडचा. म्हणजे केबल मोजणीत धरली गेली, तर आपण मुख्यतः केबलच मोजत राहू. उपाय असा: एका चकतीला व्होल्टेज द्या आणि दुसरी चकती थेट प्रवाह-ते-व्होल्टेज प्रवर्धकाच्या आभासी जमिनीला जोडा. आभासी जमीन म्हणजे ऑप-ॲम्पचं (प्रवर्धकाच्या चिपचं) असं इनपुट, जे फीडबॅकमुळे, म्हणजे आउटपुटचा भाग इनपुटला परत जोडल्यामुळे, शून्य व्होल्टवर धरलेलं असतं. केबलचा मधला तार आणि जाळी दोन्ही शून्यावर राहिले की केबलच्या धारितेत प्रवाह जायचं कारणच उरत नाही. तरी केबल आखूडच ठेवा. धारितेचा परिणाम गेला तरी तिच्यामुळे वाढणारा गोंगाट राहतो. मोजणी चालू असताना केबल हलवू नका. आतला विद्युतरोधक घासला गेला की त्यातूनच भार सुटतो, आणि पिकोअँपिअरच्या पातळीवर तो ठळक दिसतो.

सेल पूर्णपणे बंद धातूच्या डब्यात ठेवा आणि डबा जमिनीला जोडा. भिंतीतल्या तारांमधून येणारी ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण उघड्या सेलमध्ये तेलाच्या प्रवाहापेक्षा कितीतरी मोठी असते.

प्रवर्धकासाठी इनपुट बायस करंट (इनपुट स्वतःच ओढून घेतं तो प्रवाह) फेम्टोअँपिअरमध्ये, म्हणजे पिकोअँपिअरच्या हजाराव्या भागांत, असलेला ऑप-ॲम्प निवडा. आता फीडबॅकचा प्रश्न. पुष्कळजण १ गिगाओहमचा रेझिस्टर लावून मोकळे होतात. कमी वारंवारतेला ते ठीक आहे. पण त्या रेझिस्टरला स्वतःची अर्धा पिकोफॅरड धारिता असली, तरी ३२० हर्ट्झच्या आसपास त्याचं वागणं बदलतं आणि फेज बिघडते. फेज बिघडली की टॅन डेल्टा खोटा, कारण आपल्याला हवा असलेला प्रवाह ९० अंशांपासूनच्या बारीकशा विचलनातच असतो. मला स्वतःला दुसरी पद्धत जास्त पटते: फीडबॅकमध्ये चांगल्या जातीचा कपॅसिटर लावायचा, समजा १०० पिकोफॅरड, आणि त्याला समांतर फक्त एक फार मोठा रेझिस्टर, प्रवर्धक एका बाजूला सरकत जाऊ नये एवढ्यापुरता. मग आउटपुट म्हणजे सेल आणि या कपॅसिटरच्या धारितांचं गुणोत्तर, आणि ते वारंवारतेनुसार जवळजवळ बदलत नाही. तेल स्वतः मुख्यतः कपॅसिटर आहे, तेव्हा त्याची तुलना कपॅसिटरशीच करावी. मात्र समांतर रेझिस्टरच्या वळणाच्या वारंवारतेखाली हा हिशोब बदलतो, तेवढं लक्षात ठेवा.

तयार उपकरण वापरणार असाल तर हे सगळं आतच असतं. तरीही त्याच्या माहितीपत्रकात कोणत्या वारंवारतेला जास्तीत जास्त किती इम्पीडन्स अचूक मोजता येतो, याचा आलेख शोधून पाहा. ३९ पिकोफॅरडच्या भरलेल्या सेलचा इम्पीडन्स १ किलोहर्ट्झला ४ मेगाओहम असतो, ५० हर्ट्झला ८२ मेगाओहम. ०.०१ हर्ट्झला नुसत्या धारितेचा ४१० गिगाओहम होतो, म्हणजे १ व्होल्टला अडीच पिकोअँपिअर.

पायरी ४: तेलाआधी खोटा सेल

खोटा सेल म्हणजे ज्याचे आकडे आधीच ठाऊक आहेत अशी जोडणी. १ गिगाओहमचा रेझिस्टर आणि १०० पिकोफॅरडचा सी-झिरो-जी जातीचा (मूल्य स्थिर राहणारा) सिरॅमिक कपॅसिटर समांतर जोडा, रेझिस्टरच्या काचेला बोट न लावता. वळण १.६ हर्ट्झला यायला हवं. या जोडणीवर सगळ्या वारंवारता फिरवा आणि धारिता सपाट येते का, रोध सपाट येतो का ते पाहा. इथे येणारी प्रत्येक वाकडीतिकडी रेघ उपकरणाची आहे. पुढे तेलाच्या आलेखात तसंच वळण दिसलं, तर ते कुठून आलं हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. अर्ध्या तासाचं काम आहे. ते टाळणाऱ्यांना पुढे फार वेळ खर्चावा लागतो.

पायरी ५: रिकामा सेल आणि ओळखीचा द्रव

स्वच्छ, कोरडा, रिकामा सेल जोडा आणि तेलासाठी योजलेल्या सगळ्या वारंवारतांवर मोजा. हवेची परमिटिव्हिटी व्यवहारात १ आणि वाहकता शून्य धरता येते. म्हणून रिकाम्या सेलमध्ये जी काही वाहकता दिसेल ती सगळी गळती. ती तेलाच्या अपेक्षित वाहकतेच्या शंभराव्या भागापेक्षा कमी नसेल तर पुढे जाऊ नका. सेल पुन्हा धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. एवढ्या एका नियमाने निम्म्याहून जास्त घोटाळे दारातच थांबतात.

मग परमिटिव्हिटी माहीत असलेला द्रव भरा. सायक्लोहेक्झेन चांगलं: २० अंश सेल्सिअसला २.०२. टोल्युईन २५ अंशाला २.३८. समजा हवेत १८.९ पिकोफॅरड आले आणि सायक्लोहेक्झेनमध्ये ३७.०. फरक १८.१. त्याला १.०२ ने भागा, येतात १७.७. ही सेलची खरी धारिता. उरलेले १.२ पिकोफॅरड तारांचे आणि जोडांचे. द्रव बदलला तरी ते बदलत नाहीत. चकतीच्या मापांवरून १७.४ आले होते आणि प्रत्यक्षात १७.७, कारण गार्डच्या फटीतला अर्धा भागही मोजणीच्या चकतीच्या वाट्याला येतो. मापांपेक्षा द्रवावरून काढलेल्या आकड्यावर विसंबा.

हा आकडा हाती आला की क्षेत्रफळ आणि अंतराची गरजच उरत नाही. परमिटिव्हिटी म्हणजे दुरुस्त केलेली धारिता भागिले १७.७. वाहकता म्हणजे मोजलेला कंडक्टन्स (१ भागिले रोध) गुणिले ८.८५४ भागिले १७.७.

हे द्रावक चटकन पेट घेतात आणि त्यांच्यावर स्थिर वीजही साठते. हवा खेळती ठेवा. धातूची भांडी एकमेकांना आणि जमिनीला तारेने जोडा, हळू ओता. द्रावकाची वाफ असलेला सेल तापवायच्या ओव्हनमध्ये कधीही ठेवू नका. आधी उघड्यावर पूर्ण सुकू द्या.

पायरी ६: धुणं आणि भरणं

आधीचं तेल हेप्टेनसारख्या द्रावकाने काढा, नंतर ताज्या द्रावकाने पुन्हा धुवा. आपण जे तेल मोजणार आहोत त्याच तेलाने सेल दोनदा विसळा आणि ते विसळलेलं तेल फेकून द्या. साबण वापरू नका. साबणाचा अंश तेलात आयन (विद्युतभार असलेले कण) तयार करतो, आणि त्याला फार थोडं प्रमाण पुरतं.

का पुरतं, हे समजून घेण्यासारखं आहे. पाण्यात विरुद्ध भाराचे दोन आयन एक नॅनोमीटरच्या आत आले तरच त्यांचं आकर्षण उष्णतेच्या धडपडीवर मात करतं. तेलाची परमिटिव्हिटी कमी, म्हणून तिथे हेच अंतर २५ नॅनोमीटरच्या आसपास जातं. इतक्या लांबूनही ते एकमेकांना ओढून घेतात, त्यामुळे तेलात मोकळे आयन जवळजवळ उरतच नाहीत. साबणासारखे रेणू आयनांभोवती घोळका करतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर राखतात. डिटर्जंट घातलेलं इंजिन ऑइल मूळ तेलापेक्षा इतकं वाहक असतं ते याच कारणाने.

भरताना तेल सेलच्या कडेवरून हळू सोडा. बुडबुडा दिसला तर सेल तिरका करून काढा. बुडबुड्यामुळे परमिटिव्हिटी कमी भरते आणि आकडा उड्या मारतो. भरल्यावर झाकण लावा, नाहीतर तेल हवेतली ओल घेत राहील.

आणि थांबा. तेल, धातू आणि डबा एका तापमानाला यायला वेळ लागतो. तापमानाबरोबर तेलाची वाहकता बदलते ती मुख्यतः त्याच्या दाटपणामुळे: पातळ झालं की आयन भराभर सरकतात. तापमानाच्या थोड्या चढउतारानेही ती काही टक्क्यांनी बदलते, तर परमिटिव्हिटी जेमतेम हलते. तापमापक तेलाच्या शक्य तितका जवळ ठेवा आणि प्रत्येक फेरीबरोबर तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत लिहून ठेवा. तापमान न लिहिलेल्या वाहकतेची कशाशीच तुलना करता येत नाही.

पायरी ७: फेरी

मोठ्या वारंवारतेपासून सुरू करून खाली या. वेळेचा अंदाज आधी बांधा: ०.१ ते ०.०१ हर्ट्झ या दहापटीच्या एका टप्प्यात दहा बिंदू घेतले आणि प्रत्येकाला एकच आवर्तन दिलं, तरी सात मिनिटांहून जास्त लागतात. तीन आवर्तनं दिली तर बावीस. खाली पोहोचल्यावर त्याच वाटेने वर या. दोन्ही फेऱ्यांचे आलेख एकमेकांवर बसले नाहीत, तर मोजणी चालू असताना तेल बदलत होतं: तापमान, ओल किंवा सेलमधून उतरलेली घाण.

व्होल्टेज किती? तेल विद्युतरोधक आहे म्हणून शंभर व्होल्ट लावावेत असं वाटतं. इथे जरा हिशोब करू. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात आयनाची गतिशीलता ढोबळमानाने १ व्होल्ट प्रति मीटर क्षेत्राला सेकंदाला १ नॅनोमीटर अशी असते. १ मिलिमीटर अंतरावर १ व्होल्ट शिखरमूल्य लावलं आणि वारंवारता ०.०१ हर्ट्झ असेल, तर आयन मध्यापासून १६ मायक्रोमीटर इकडेतिकडे डोलतो. दोन्ही चकत्या त्याच्यापासून लांबच राहतात. १०० व्होल्ट लावले तर हेच अंतर दीड मिलिमीटरच्या वर जातं, म्हणजे आयन अर्ध्या आवर्तनातच चकतीवर जाऊन आदळतात आणि मधलं तेल रिकामं होतं. मग जे मोजलं जातं ती तेलाची समतोल अवस्थेतली वाहकता नसते. एकदिश व्होल्टेज लावल्यावर तेलातला प्रवाह मिनिटामिनिटाला उतरत जातो, त्यातही हे कारण असतं. म्हणूनच त्या मोजणीत व्होल्टेज आणि वाचनाची वेळ दोन्ही ठरवून घ्यावी लागतात. सुरुवातीला १ व्होल्टवर राहा, मग अर्धा आणि दोन करून पाहा. वाहकता तीच यायला हवी.

पायरी ८: आलेख वाचणं

इम्पीडन्सचा आलेख अर्धवर्तुळाच्या रूपात काढायची पद्धत आहे. मिठाच्या पाण्यासाठी किंवा बॅटरीसाठी ती छान आहे. तेलात मात्र ते अर्धवर्तुळ बहुधा पूर्णच होत नाही, कारण तितकं खाली उतरता येत नाही. त्यापेक्षा दोन आलेख काढा: परमिटिव्हिटी विरुद्ध वारंवारता आणि वाहकता विरुद्ध वारंवारता, दोन्ही लॉग पट्टीवर.

स्वच्छ तेलात परमिटिव्हिटीची रेघ सपाट असते. वाहकतेला कमी वारंवारतेकडे एक सपाट पट्टा असतो, आणि तीच आपल्याला हवी असलेली वाहकता. वर गेल्यावर वाहकता चढताना दिसली तर घाई करू नका. तिथे कंडक्टन्स धारितेच्या मानाने इतका बारीक असतो की उपकरणाची फेजची चूकच वाहकता म्हणून दिसते. खोट्या सेलचा आलेख शेजारी ठेवा. तिथेही तसंच चढत असेल तर तो भाग सोडून द्या.

समजा एका तेलाच्या आलेखात धारिता ४२.० पिकोफॅरड आली आणि कंडक्टन्सचा सपाट पट्टा २ नॅनोसीमेन्सवर आला. १.२ वजा करून ४०.८, भागिले १७.७, म्हणजे परमिटिव्हिटी २.३. वाहकता आली १००० पिकोसीमेन्स प्रति मीटर. आता ताळा करा: मूळ वाचनात फेज ४५ अंश कुठे होते ते पाहा. ७.६ हर्ट्झला असायला हवे. तारांची धारिता काढून टाकली की तेलाचं स्वतःचं वळण ७.८ हर्ट्झला येतं. हे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले तर हिशोबात घसरण झालेली नाही.

कमी वारंवारतेला परमिटिव्हिटी अचानक चढू लागली, ५, २०, १०० झाली, तर तेलाच्या रेणूंमध्ये काही नवीन घडतंय असं समजू नका. आयन चकत्यांजवळ जमून राहतात आणि तिथे भाराचा एक थर तयार होतो. याला इलेक्ट्रोड ध्रुवीकरण म्हणतात. त्याच जागी वाहकताही सपाट पट्ट्यावरून खाली घसरते. ओळखायची खात्रीची खूण: चकत्यांमधलं अंतर बदला, समजा १ मिलिमीटरचं २ करा. तेलाचे स्वतःचे गुणधर्म अंतर बदललं तरी तेच राहतात. चकत्यांजवळचा परिणाम बदलतो. म्हणून सेल बनवताना दोन वेगवेगळ्या जाडीचे टेफ्लॉनचे तुकडे कापून ठेवा. शंका मिटवायला याहून भरवशाची युक्ती मला माहीत नाही.

पाण्याबद्दल थोडं. खनिज तेलात विरघळलेलं पाणी सहसा दशलक्ष भागांत काही दहा भाग असतं. परमिटिव्हिटीवर त्याचा परिणाम जवळजवळ दिसत नाही, वाहकतेवर दिसू शकतो. थेंबांच्या रूपातलं पाणी वेगळं: एक टक्का बारीक थेंब असतील तर परमिटिव्हिटी सुमारे तीन टक्क्यांनी वाढते, २.२० ची २.२७ होते. थेंब खाली बसू लागले की आकडा सरकतो, तेव्हा अशा नमुन्याची वेळेनुसार नोंद ठेवा.

वाहकता वाढली एवढ्यावरून कारण सांगता येत नाही, हे मात्र पक्कं लक्षात असू द्या. ओल, जुनं झाल्याने तयार झालेली आम्लं, साबण, दुसऱ्या तेलाची भेसळ, सगळ्यांनी ती वाढू शकते. इम्पीडन्स तुलना उत्तम करतो: हे तेल महिन्याभरापूर्वीच्या त्याच तेलापेक्षा किती बदललं, हे तो खात्रीने सांगतो. काय मिसळलं आहे ते रासायनिक चाचणीनेच ठरतं.

पहिल्या आठवड्यात काय करावं

एकदम ट्रान्सफॉर्मरच्या तेलाकडे जाऊ नका. इंजिन ऑइलपासून सुरुवात करा. त्याचं वळण काही हर्ट्झच्या आसपास पडतं, प्रवाह पुरेसा असतो आणि साध्या उपकरणातही दोन्ही सपाट पट्टे दिसतात. मग तेच तेल चार-पाच वेगवेगळ्या तापमानांना मोजा. वाहकता किती पटींनी वाढते आणि परमिटिव्हिटी किती कमी हलते हे एकदा स्वतः पाहिलंत की तापमान लिहायला कोणी सांगावं लागणार नाही. त्यानंतर पूरक द्रव्यं नसलेलं खनिज तेल घ्या आणि त्यात मोजून थोडं थोडं इंजिन ऑइल मिसळत जा. वळण हळूहळू वरच्या वारंवारतेकडे सरकताना दिसेल. रिकाम्या सेलचं वाचन प्रत्येक नव्या तेलाआधी घ्या आणि वहीत त्या तेलाच्याच पानावर लिहा, तारीख, तापमान, व्होल्टेज आणि अंतरासकट.